कॉफीतले अँटिऑक्सिडंट: पुडी फोडण्यापासून बशी रिकामी होईपर्यंत

मराठवाड्यात कॉफी अजून पाहुणीच आहे. पाव्हणे आले की चहा, मोंढ्यात सौदा झाला की चहा, भांडण मिटलं तरी चहाच. कॉफी निघते एकादशीला, लग्नाच्या मंडपात मशीनवर फेस काढलेली, नाहीतर लातूरला नीटची तयारी करणाऱ्या पोरांच्या खोलीत रात्री उशिरा. आता मात्र मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजनं 'कॉफीत अँटिऑक्सिडंट असतात' ही बातमी किराणा दुकानाच्या काउंटरपर्यंत आणलीय. चाळिशी-पन्नाशीतले बरेच जण त्या एका शब्दापायी चहा सोडून कॉफीकडे वळू लागलेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. ज्यांनी नुकतीच सुरुवात केलीय किंवा करायची म्हणतात, त्यांच्यासाठी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कॉफीतला गुण खरा आहे. पण आपल्याकडे तो पदरात पडेल की नाही हे कॉफीच्या ब्रँडवर फारसं ठरत नाही. कपात साखर किती आणि भाकरी खाल्ल्यावर किती वेळानं कप उचलला, यावर ते जास्त ठरतं. दुकानदार हे सांगणार नाही, आणि सांगावं अशी अपेक्षाही नाही.

आधी थोडं समजून घ्या

आपण श्वास घेतो, अन्न पचवतो, उन्हात राबतो. या सगळ्यात शरीरात फ्री रॅडिकल नावाचे अस्थिर कण तयार होतात आणि ते पेशींना इजा करू शकतात. त्यांना शांत करणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. कॉफीत असा मुख्य पदार्थ म्हणजे क्लोरोजेनिक आम्ल. नाव एक असलं तरी हा सारख्या आम्लांचा गट आहे. एका कपात ही आम्लं साधारण 70 मिलिग्रॅमपासून 350 मिलिग्रॅमपर्यंत असू शकतात. एवढा मोठा फरक बी कोणतं, किती भाजलं आणि कसं उकळलं यावरून पडतो. बी भाजताना यातला बराच भाग नष्ट होतो. त्याच वेळी मेलॅनॉइडिन नावाचे तपकिरी पदार्थ तयार होतात, आणि त्यांच्यातही थोडाफार तोच गुण असतो. म्हणून काळीकुट्ट भाजलेली कॉफी अगदीच निर्गुण नसते. तरी क्लोरोजेनिक आम्ल हवं असेल तर मध्यम भाजणी बरी.

प्यायलेलं सगळं रक्तात उतरत नाही. क्लोरोजेनिक आम्लाचा साधारण एक तृतीयांश भाग लहान आतड्यात शोषला जातो. उरलेला मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात. हे तुकडे पुढे शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणा जागी करतात, असं बरेच संशोधक मानतात. त्यामुळे परीक्षानळीत अमुक पदार्थानं किती फ्री रॅडिकल मारले, हा आकडा माणसाच्या अंगात जसाच्या तसा लागू पडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याकडे खाद्यपदार्थांच्या अशा आकड्यांची मोठी यादी होती. लोक, विशेषतः विकणारे, तिचा गैरवापर करू लागले म्हणून 2012 साली खात्यानं ती काढूनच टाकली. पाकिटावर 'इतके पट अँटिऑक्सिडंट' असं छापलेलं दिसलं की ही यादी आठवा आणि पाकीट शेल्फवर परत ठेवा.

मग फायदा कुठला? 2017 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कॉफीवरच्या 200 हून अधिक एकत्रित विश्लेषणांचा आढावा आला. त्यात दिवसाला 3 ते 4 कप पिणाऱ्यांमध्ये हृदयविकार, यकृताचे आजार आणि टाइप 2 मधुमेह यांचं प्रमाण कमी दिसलं. कॅफिन काढलेल्या कॉफीतही मधुमेहाबाबत असाच कल दिसतो. म्हणजे हे श्रेय एकट्या कॅफिनला देता येत नाही. पण यातले बहुतेक अभ्यास निरीक्षणाचे आहेत. कॉफी पिणारे लोक आणखी काय खातात, किती चालतात, यांचाही वाटा त्या आकड्यांत असू शकतो. म्हणून ज्याला कॉफी मुळात आवडत नाही त्यानं औषध समजून नाक दाबून प्यायची काहीच गरज नाही.

पहिली पायरी: पुडीमागची बारीक अक्षरं

किराणा दुकानातली पुडी उलटी करा. 'कॉफी-चिकोरी मिश्रण' असं लिहिलं असेल तर दोन्हींचे टक्केही तिथेच छापलेले असतात. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. आपल्या देशात ती मुख्यतः गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकते. तिच्यात कॅफिन नसतं. रंग दाट येतो, चव भरल्यासारखी लागते आणि पुडी स्वस्त पडते. नियमाप्रमाणे चिकोरी 49 टक्क्यांपर्यंत चालते. म्हणजे 53:47 अशा पुडीत तुम्ही जवळजवळ निम्मी रक्कम मुळाला मोजता. चिकोरी वाईट नाही, काहींना तिचीच चव आवडते. पण अँटिऑक्सिडंटसाठी कॉफी घेत असाल तर कॉफीच घ्या. शंभर टक्के कॉफी लिहिलेली, नाहीतर फार तर 80:20.

इन्स्टंट म्हणजे नकली, असा एक समज आहे. तो सोडा. इन्स्टंट ही खऱ्या कॉफीचा काढा वाळवून केलेली पूड असते आणि तिच्यात क्लोरोजेनिक आम्ल बऱ्यापैकी टिकतं. सुगंधात ती मार खाते, ते वेगळं.

फिल्टरची पावडर घेणार असाल तर अरेबिका आणि रोबस्टा ही दोन नावं दिसतील. रोबस्टात क्लोरोजेनिक आम्ल जास्त, कॅफिन जवळजवळ दुप्पट आणि कडवटपणाही जास्त. अरेबिका नरम. भारतात पिकणाऱ्या कॉफीत बहुतांश रोबस्टा असते आणि त्यातला मोठा वाटा एकट्या कर्नाटकाचा आहे. तिथल्या चिकमगळूरच्या डोंगरात बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया आणून लावल्या, अशी आख्यायिका आहे. उदगीर-देगलूरच्या लोकांना कर्नाटक हाकेच्या अंतरावर. बिदरला जाणं-येणं असेल तर येताना ताजी दळलेली पावडर पाव किलो आणावी. त्याहून जास्त नको. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात दळलेली कॉफी महिन्याभरात जीव सोडते. घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून लांब ठेवा. फ्रिजमध्ये ठेवून रोज काढ-घाल केली तर ओल धरते.

दुसरी पायरी: पाणी आणि गाळणं

आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक म्हणजे चहाच्याच पातेल्यात, चहासारखंच, दूध-साखर-पावडर एकत्र टाकून तीन उकळ्या आणणं. इन्स्टंटला उकळायची गरजच नसते. कपात सपाट चमचाभर पूड घ्या, थोडं गरम पाणी घालून विरघळवा, मग वरून गरम दूध किंवा आणखी पाणी. झालं.

फिल्टरची कॉफी मात्र निगुतीनं करावी लागते. स्टीलचा दोन मजली फिल्टर भांड्यांच्या दुकानात मिळतो. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोकं असतात आणि आत दांडीची चकती. दोघांसाठी तीन भरलेले चमचे पावडर घाला, भांडं हलकं आपटून सपाट करा, वर चकती ठेवा. दाबू नका, दाबली की पाणी उतरतच नाही. पाणी उकळून गॅस बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. मराठवाडा पठारावर असल्यानं आपल्याकडे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे फार थांबायची गरज पडत नाही. पाणी गोल फिरवत हळू ओता, झाकण लावा आणि पंधरा-वीस मिनिटं विसरून जा. खाली काळाभोर, मधासारखा डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, जमतो. एक भाग डिकॉक्शनला तीन भाग दूध, आवडीप्रमाणे कमी-जास्त.

आता पाणी. बोअरचं पाणी जड असतं हे पातेल्याच्या तळाला बसणारा पांढरा थर पाहून कुणालाही कळतं. अशा पाण्यात कॉफीची आंबूस धार मरते आणि चव मातकट लागते. जारचं किंवा घरच्या फिल्टरचं पाणी वापरा. बोअरच्याच पाण्यावर भागवायचं असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी कॉफी फिल्टरचा वरचा भाग उजेडाकडे धरून बघा. अर्धी भोकं क्षारानं बुजलेली दिसतील. गरम पाण्यात लिंबू पिळून त्यात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी जुन्या ब्रशनं घासा. 'फिल्टर खराब निघाला' म्हणून दुकानात परत गेलेले बरेच फिल्टर असे भोकं बुजलेलेच असतात.

गाळण्याचा संबंध तब्येतीशीही आहे. कॉफीच्या बीमध्ये तेल असतं, आणि त्या तेलातला कॅफेस्टॉल हा पदार्थ रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. नॉर्वेसारख्या देशांत पावडर थेट उकळून, न गाळता पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल जास्त निघालं, तेव्हा ही गोष्ट संशोधकांच्या ध्यानात आली. कागदाच्या गाळणीत हे तेल जवळपास सगळं अडकतं. इन्स्टंटमध्ये ते नगण्य असतं. स्टीलची जाळी मात्र ते कागदाइतकं अडवत नाही. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर इन्स्टंट किंवा कागदी फिल्टर, असा सरळ निर्णय करा. आणि पावडर पातेल्यात उकळून चहाच्या गाळणीतून गाळलेली कॉफी रोज कुणीच पिऊ नये. तिच्यात कडवटपणाही येतो आणि तेलही.

तिसरी पायरी: साखर, दूध, जायफळ

इथंच बहुतेकांचा हिशेब चुकतो. पहिल्यांदा कोरी कॉफी चाखली की घरातल्या आजी म्हणतात, "एवढं कडू कसं काय प्यायलेत रे हे लोक!" आणि मग कपात तीन चमचे साखर पडते. एक चमचा म्हणजे साधारण 4 ते 5 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. अशा दोन कपांत ती संपते, आणि चहा, जिलेबी, लग्नातली बुंदी अजून बाकीच असते. मधुमेह टळावा म्हणून कॉफी धरायची आणि तिच्यातूनच रोज वाटीभर साखर पोटात घालायची, याला काय म्हणावं! गूळ घातला तरी हिशेब तोच.

एकदम बंद करू नका, कुणाचंच टिकत नाही. दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. जिभेला सवय होते. यात जायफळ मदत करतं. आपल्याकडे उपवासाच्या कॉफीत जायफळ-वेलची घालायची जुनी पद्धत आहे, ती परत आणा. किसणीवर एक-दोनदा घासलं तर पुरतं. वास गोडसर येतो आणि साखर कमी आहे हे लक्षातही येत नाही. जास्त मात्र घालू नका, जायफळ मोठ्या प्रमाणात बाधतं.

दुधानं अँटिऑक्सिडंट वाया जातात का, हा प्रश्न हमखास येतो. दुधातली प्रथिनं क्लोरोजेनिक आम्लाला चिकटतात हे प्रयोगशाळेत दिसतं. माणसांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. काहींत फरक दिसला, काहींत नाही. एवढ्यासाठी दूध सोडू नये असं मला वाटतं. निव्वळ दुधात केलेल्या कॉफीपेक्षा अर्धं पाणी अर्धं दूध बरं, आणि तेही जास्तकरून साखर कमी लागते म्हणून.

चौथी पायरी: घड्याळ आणि भाकरी

ही पायरी नीट वाचा. आपल्या भागासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

ज्या पदार्थांना आपण अँटिऑक्सिडंट म्हणून डोक्यावर घेतो, तेच पॉलिफेनॉल (क्लोरोजेनिक आम्ल त्यांतलंच) आतड्यात लोहाला धरून ठेवतात. लोह मग रक्तात न जाता बाहेर पडतं. 1983 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात जेवणासोबत कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण 39 टक्क्यांनी घटलं. चहा घेतल्यावर 64 टक्क्यांनी. म्हणजे इथं कॉफी चहापेक्षा थोडी दयाळू निघाली. त्याच प्रयोगात जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीनं काहीच फरक पडला नाही, पण जेवणानंतर तासाभरानं घेतली तरी नुकसान तेवढंच झालं.

हे आपल्या ताटाशी जोडून बघा. आपलं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडी किंवा मेथीची भाजी. लोह आहे, पण सगळं वनस्पतींतलं, जे मुळातच कमी शोषलं जातं. ज्वारीतलं फायटिक आम्ल त्यात आणखी खोडा घालतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत 'परभणी शक्ती' नावाचं ज्वारीचं वाण काढलं. किलोला 45 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त असलेलं हे वाण 2018 साली आलं. अशी भाकरी खाऊन पाठोपाठ कपभर कॉफी प्यायलात तर विद्यापीठाच्या कष्टावर पाणी पडलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. घरात सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवणारी आणि उठून लगेच चहा-कॉफी टाकणारी बाई कोण असते, हे वेगळं सांगायला नको.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था (आपल्या आजोबांच्या जुन्या राजधानीतलीच) 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत सांगते की जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळा. वरचा प्रयोग पाहता जेवणानंतर मी दीड-दोन तास म्हणेन. सकाळी आठला भाकरी-भाजी खाऊन शेतात किंवा ऑफिसला जाणाऱ्यांनी पहिली कॉफी सातच्या आत घ्यावी, नाहीतर थेट दहाला. दुपारी जेवण दीडला असेल तर कॉफी साडेतीन-चारला. जेवणानंतर काहीतरी तोंडात हवंच असेल तर जालन्याची मोसंबी सोला, किंवा वरणावर लिंबू पिळा. क जीवनसत्त्व लोहाचं शोषण वाढवतं. आशाताई देतात ती लोहाची लाल गोळी कॉफीसोबत कधीही गिळू नका, साध्या पाण्यासोबत घ्या. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेणाऱ्यांनी तर गोळीनंतर तासभर कॉफीला हात लावू नये. गोळीचा असर कमी होतो आणि मग डॉक्टर विनाकारण डोस वाढवतात.

रात्रीचं गणित वेगळं. कॅफिन अंगातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला कप घेतलेल्या पोराच्या अंगात दोन वाजता अर्धं कॅफिन जागंच असतं. अभ्यास दोनपर्यंत होतो, पण झोप लागते ती उथळ. लातूरला पोरगं ठेवलेल्या आई-बापांनी डब्यासोबत कॉफीची बरणी पाठवताना एवढं जरूर सांगावं: संध्याकाळी पाचनंतर नको.

पाचवी पायरी: किती, आणि किती गरम

पोषण संस्थेनं कॅफिनची दिवसाची मर्यादा 300 मिलिग्रॅम सांगितली आहे. 150 मिलिलिटर फिल्टर कॉफीत 80 ते 120, इन्स्टंटमध्ये 50 ते 65 आणि चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन असतं. आपल्याकडे कॉफी आली म्हणून चहा जात नाही, दोन्ही चालू राहतात. दोन कप फिल्टर कॉफी आणि दिवसभरात चार चहा धरले तरी बेरीज मर्यादेच्या आसपास जाते, दाट चहा असेल तर पुष्कळ वर. म्हणून कॉफी वाढवाल तितका चहा कमी करा.

गरोदर बायकांनी 200 मिलिग्रॅमच्या आत राहावं आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. लहान मुलांना नकोच. ज्यांना पित्ताचा त्रास आहे, छातीत जळजळ होते, त्यांनी उपाशीपोटी घेऊ नये. बीपी ताब्यात नसेल, छातीत धडधड होत असेल, तर आधी डॉक्टर, मग कॉफी.

आणि गरमपणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2016 साली कॉफीला कर्करोगाच्या संशयातून मोकळं केलं. पण त्याच वेळी 65 अंशांहून गरम कुठलंही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतं, असंही सांगितलं. आपल्याकडे बशीत ओतून फुंकर मारत फुर्रकन प्यायची सवय आहे. शहरात गेलेल्या पोरांना तिची लाज वाटते. खुशाल बशीत ओता. कॉफी मिनिटभरात निवते आणि जीभही पोळत नाही.

कॅप्सूलवाल्यांपासून सावध

शेवटची गोष्ट ग्रीन कॉफीची. न भाजलेल्या बीमध्ये क्लोरोजेनिक आम्ल भाजलेलीपेक्षा जास्त असतं, हे खरं. त्या जोरावर वजन उतरवणाऱ्या गोळ्या आणि पुड्या विकल्या जातात. याची मोठी लाट अमेरिकेत 2012 साली आली. तिच्या मागे भारतात अवघ्या 16 जणांवर केलेला एक प्रयोग होता. त्यातले आकडे विश्वासार्ह नाहीत असं निष्पन्न झालं. 2014 साली तिथल्या व्यापार आयोगानं त्या प्रयोगाला पैसा पुरवणाऱ्या कंपनीला 35 लाख डॉलर भरायला लावले आणि शोधनिबंधही मागे घेतला गेला. तरी आपल्याकडे आजही ओळखीतलं कुणीतरी घरी येऊन 'महिन्यात पाच किलो' म्हणत डबा पुढं करतं. नातं तुटेल असं वाटत असेल तर पाणी द्या, फिल्टरची कॉफी करून पाजा, आणि डबा त्यांच्याच पिशवीत परत ठेवा.